डाळीवर ठरलेलं भाडं

संपादकांचं पत्र आलं. आमच्या अंकात निवृत्त कारागिरांच्या आठवणी छापतो, तुम्ही होड्यांच्या इंजिनांबद्दल लिहा. पत्र वाचून मला दोन कारणांनी राग आला. एक, मी निवृत्त नाही. मला निवृत्त होताच येत नाही. का, ते पुढे कळेल. दुसरं, इंजिनांबद्दल लिहिण्यासारखं काही नसतं. इंजिन बिघडतं, मी खोलतो, नीट होतं. नाही झालं तर गिऱ्हाईक शिव्या देत माझ्या बापापर्यंत जातं, आणि मी पुन्हा खोलतो. संपलं.

ह्या धंद्यात मी खरी आपटी खाल्ली ती जागेच्या भाड्याची बोलणी करताना. इंजिनासमोर मी शहाणा, जागेच्या मालकासमोर बैल. म्हणून लिहीन तर तेच लिहीन. संपादकांना नको असेल तर त्यांनी हे पान दुसऱ्या कुणा निवृत्ताला द्यावं.

आधी धंदा समजून घ्या. लहान होडीच्या पाठीला बाहेरून टांगलेलं इंजिन तुम्ही मालवणला फिरायला आलात तेव्हा पाहिलं असेल. बहुतेक त्याच्याकडे पाठ करून फोटो काढला असेल. ते इंजिन तापू नये म्हणून समुद्राचंच पाणी ओढून घेतं, पोटातून फिरवतं आणि बाहेर टाकतं. पाणी जातं, मीठ मागे राहतं. म्हणून होडी किनाऱ्याला लागली की इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात उभं करून दहा मिनिटं चालवायचं, म्हणजे आतून धुऊन निघतं. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. कोणी करत नाही. कोणी करत नाही म्हणून माझ्या घरात चूल पेटते. जूनमध्ये मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या, की सगळी इंजिनं माणसांच्या खांद्यावरून माझ्याकडे येतात, आणि नारळी पौर्णिमेच्या आत ती धुऊन, जोडून परत द्यायची असतात. तेव्हा मला जागा लागते ती किनाऱ्याला चिकटून, कारण एवढं धूड खांद्यावर घेऊन कोणी डोंगर चढत नाही. डोक्यावर कौलं लागतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हाताशी गोड्या पाण्याची विहीर लागते.

अशी जागा मला सव्वीस वर्षं होती. आबांचा मांगर. मांगर म्हणजे घरापासून वेगळी, गवत-अवजारं ठेवायची कौलारू खोली. आबा हे देवमाणूस, भाडं नाममात्र, विहीर बारा महिने गोड. ती जागा माझ्या हातून गेली ती माझ्याच तोंडामुळे.

ज्या दिवशी तिथे दुकान मांडलं त्या दिवशी आमच्या रिवाजाप्रमाणे गाऱ्हाणं घालायचं होतं. बाहेरच्यांना गाऱ्हाणं म्हणजे तक्रार वाटते. तसं नाही. आमच्याकडे काहीही सुरू करताना नारळ ठेवून देवाला मोठ्या आवाजात सांगायचं, की बाबा रे, हा तुझा अमका माणूस तमकं काम काढतोय, त्याला सांभाळ. आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. त्यात उच्चारलेला शब्द स्टॅम्पपेपरहून पक्का. स्टॅम्पपेपर हरवतो, जमलेली माणसं विसरत नाहीत.

गाऱ्हाणं घालणारे जाणते गृहस्थ त्या दिवशी कुडाळला अडकले. कोणीतरी म्हणालं, संध्याकाळपर्यंत थांबूया. पण मी थांबतोय कसला! गावच्या दशावतारात मी एकदा द्वारपाल झालो होतो. माझ्या वाट्याला एकच वाक्य होतं आणि ते मी तीनदा म्हटलं होतं. इतका आवाज असलेल्या माणसाने दुसऱ्याची वाट का बघावी?

"बा देवा म्हाराजा! आज आबांच्या ह्या मांगरात तुझो लेकरू बसता, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पंधरा माणसं एका सुरात ओरडली आणि माझ्या अंगावर काटा आला. द्वारपालाला असा प्रतिसाद कधी मिळाला नव्हता. तिथेच थांबायचं. पण आबा समोर उभे, डोळ्यांत पाणी, मला वाटलं ह्यांच्यासाठी काहीतरी भारी बोललं पाहिजे.

"आणि आबांनी, नायतर तेंच्या पोराबाळांनी, ज्या दिवशी ऊठ म्हणून सांगितल्यानी, त्या दिवशी एक शबुद न बोलता मी ही जागा मोकळी करून देतलंय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कोणी मागितलं नव्हतं. आबांनाही धक्का बसला. 'पोराबाळांनी' हा शब्द तर मी केवळ वाक्याला वजन यावं म्हणून घातला होता. ते वजन सव्वीस वर्षांनी डोक्यावर पडलं.

आबा गेले. त्यांचा मुलगा मंगेश, जो गाऱ्हाण्याच्या दिवशी चड्डी सावरत खोबऱ्यासाठी उभा होता, तो गेल्या वर्षी एप्रिलमध्ये दुकानात आला. बसला. पाना उचलून बघितला, खाली ठेवला.

"काका, हय दोन खोल्यांचा होमस्टे करूचा म्हणतंय."

मी तोंड उघडलं. मला बरंच बोलायचं होतं.

"काका," मंगेश जमिनीकडे बघत म्हणाला, "एक शबुद न बोलता असाय होता."

मी तोंड मिटलं.

पण मी गप्प बसणारा नव्हे. दुसऱ्या दिवशी वकिलाकडे गेलो. त्यांनी भाड्याच्या पावत्या बघितल्या, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुम्हाला तिथून कोणी हलवू शकत नाही. वीस वर्षं चालवू केस." मी उडत घरी आलो. माझी बायको शालन मच्छीमार्केटात मासे विकते. टोपली धुता धुता तिने सगळं ऐकून घेतलं.

"केस जिंकल्यात," ती म्हणाली. "आणि देवळाच्या वाटेन कसे जातल्यात?"

देवळाच्या वाटेने मी त्याच संध्याकाळी गेलो. देवाला समजावून सांगितलं, की तो शब्द आबांना होता, मंगेशला नव्हे. देव काही बोलला नाही. 'पोराबाळांनी' हा शब्द त्यानेही ऐकलेला असणार. मी मंगेशला मिरगापर्यंतची मुदत मागितली, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची, आणि ती त्याने दिली.

आता पेच असा. जूनमध्ये पंचवीस-तीस इंजिनं दारात येणार. त्याआधी जागा मिळाली नाही तर ती हायवेवरच्या नव्या सर्व्हिस सेंटरला जाणार. तिथे काचेचं दार आहे, थंडगार हवा आहे, एक मुलगी हसून टोकन देते. एकदा गेलेलं गिऱ्हाईक तिथून माझ्या ग्रीसच्या डब्यांमध्ये परत येणार नाही. म्हणजे माझा धंदा जायला एक पावसाळा पुरे होता. ओळखीचे लोक सांत्वनाला येऊ लागले. "मेस्त्री, आता आराम करा." "खूप केल्यात." एकाने तर चक्क शाल-श्रीफळाचा विषय काढला. मी त्याला म्हटलं, शाल तू घे, थंडी तुला वाजते, माझे हात अजून गरम आहेत. माझा हात अजून डोळे मिटून कार्ब्युरेटर जोडतो. ज्या दिवशी एखादा स्क्रू उरेल त्या दिवशी मीच सांगेन. तोवर कोणी मला आराम करायला सांगायचं नाही.

पण जागा? किनाऱ्यावरच्या जागांना आता कोण इंजिनवाला विचारतो! जिथे जावं तिथे स्कुबा, कयाक, नाहीतर 'समुद्रदर्शनी खोली'. एकाने मला त्याच्या मांगराचं भाडं सांगितलं तेव्हा मी विचारलं, "दिवसाचा की महिन्याचा?" त्याने खरंच दिवसाचं सांगितलं होतं.

शेवटी उरली रुकय्याचाचीची जाळ्यांची खोली. चाचीच्या नवऱ्याच्या दोन होड्या होत्या. त्यांची इंजिनं मीच बघायचो. तो वारला, होड्या विकल्या, एकुलता मुलगा मस्कतला. खाडीच्या तोंडाशी घर, घरामागे ही खोली आठ वर्षं रिकामी. आणि आवारात विहीर.

जायच्या आदल्या दिवशी शालनने मला समोर बसवलं. तिचं अख्खं आयुष्य भाव करण्यात गेलेलं. "पयलो आकडो आपण सांगूचो नाय. हसूचा नाय. आणि खूश झाल्यासारख्या दाखवूचा नाय. मी येव काय?"

"काय गरज नाय," मी म्हटलं. "माझ्या धंद्याची बोलणी मी करतलंय."

ती नुसती हसली. मी कधी मासे आणायला गेलो की, सांगतील तो भाव देणारा आला म्हणून मार्केटातल्या बाया एकमेकींना कोपर मारतात, हे मला नंतर कळलं.

दुपारी चारला गेलो. मे महिना. चाची पडवीवर बसून सुपात तुरीची डाळ निवडत होती. वय सत्तर, पाठ सरळ, आवाज बंदरापलीकडे जाईल असा.

"ये रे मेस्त्री. माका वाटला, आता तू घरात बसान नातवंडांका खेळवतलंस."

"तुमी बसल्यात काय घरात?"

"माका कोण बसवतलो!"

"मग माका तरी कोण बसवतलो?"

सुरुवात चांगली झाली असं मला वाटलं. तिने कोकम सरबत दिलं. आंबट, गोड, किंचित खारट. मी अर्धा पेला संपवला, खोलीकडे बघितलं. कौलं ठीक. दार रुंद. दारापासून पाणी पन्नास पावलांवर. मन तिथेच बसलं होतं. आणि मग मला एकदम कळलं की मी काय पितोय. सरबतात मीठ असतंच. विहिरीचं पाणी कसं आहे ते सरबतातून ह्या जगात कोणाला कळणार?

"चाची, जरा साधा पाणी देवा."

"सरबत दिलंय तरी पाणी?"

"व्हय."

"माठातला देतंय."

"माठातला नको. विहिरीतला."

सूप थांबलं. "तू पाणी पिऊक इलंस काय जागा बघूक?"

तिला कसं सांगू? ह्या एका पेल्यासाठी मी पूर्वी किती मोजलं होतं ते.

माझी पहिलीवहिली जागा जामसंड्याला होती, देवगडच्या खाडीच्या बाजूला. ती ठरवली श्रावणात. पाऊस पडून विहीर काठोकाठ, पाणी असं गोड की मी मालकासमोर दोन तांबे प्यालो आणि म्हटलं, "ह्या पाण्यासाठी तुम्ही सांगाल ते भाडं." हे मी मालकाला म्हटलं, स्वतःहून. त्याने सांगितलं आणि मी दिलं. पावसाळ्यात खाडीकाठची प्रत्येक विहीर गोड असते, हे लहान मुलाला ठाऊक. पाऊस संपतो, झरे आटतात, खाली खाडी सरकते, आणि फेब्रुवारीनंतर पाणी हळूहळू खारट होत जातं. मी मात्र त्याच विहिरीचं पाणी पिंपात भरून एप्रिलमध्ये इंजिनं 'धुवत' होतो. मीठ काढायला मीठ घालत होतो. चार इंजिनं आतून चोंदली. एक कुणकेश्वरसमोर भर समुद्रात जाम झालं आणि होडीचे मालक इब्राहिमभाईंना दोन माणसांसह वल्ही मारत परत यावं लागलं. ते तसेच भिजलेले माझ्या दुकानात आले. पिंपात बोट बुडवलं, जिभेला लावलं.

"मेस्त्री," ते म्हणाले, "हेच्यात मीठ घालूची गरज नाय. फक्त सुंगटा-बांगडे टाक नि चूल पेटव."

त्या वल्ह्यांचे फोड आलेले त्यांचे हात मला अजून दिसतात. चारही इंजिनं मी फुकट खोलून दिली, पण ते हात काही परत करता आले नाहीत. त्या दिवसापासून जागा मेमध्ये बघायची आणि पाणी जिभेने मोजायचं, असं ठरवलं.

म्हणून मी चाचीकडे हट्टाने विहिरीवर गेलो, चष्मा काठावर काढून ठेवला, स्वतः घागर सोडली, ओंजळभर प्यालो. खारं नव्हतं, पण गोडही नव्हतं. आम्ही त्याला मचूळ म्हणतो. साबणाला फेस येणार नाही असं.

"मचूळ आसा," मी परत येऊन म्हटलं.

"ह्या पाण्यार आमच्या चार पिढ्या वाढल्यो."

"माणसां वाढतत, चाची. इंजिना गंजतत."

ती पुन्हा डाळ निवडू लागली. मला वाटलं, जिंकलो. आणि त्या जिंकल्याच्या भरात, पाणी खराब आहे म्हणून दाखवून झाल्यावर, बोलणीत माझी बाजू इतकी वर असताना, मी काय केलं?

"सहा हजार देतंय," मी म्हणालो.

पहिला आकडा. माझ्याच तोंडून. नंतर चाचीने शालनला मार्केटात सांगितलं, की तिच्या मनात पाच होते.

"आठ," चाची म्हणाली.

"आठ? ह्या पाण्याक?"

"स्कुबावालो बारा देता. तो पाणी पियना नाय, बाटल्यो आणता."

आता माझं डोकं फिरलं. बोलणीत उठून जाणं हे हत्यार आहे असं ऐकलेलं. "मग तेकाच देवा!" असं म्हणून मी चपला घातल्या आणि ताठ मानेने निघालो. माणूस गडग्यापर्यंत, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणापर्यंत जातो, मालक हाक मारतो, असा नियम. मी गडग्यापर्यंत गेलो. चाचीने हाक मारली नाही. गडगा ओलांडला. हाक नाही. रस्त्याला लागलो आणि रस्ता धुरकट दिसायला लागला. चष्मा विहिरीच्या काठावर राहिला होता.

परत गेलो. चाची डाळच निवडत होती. चष्मा तिने आणून पडवीवर ठेवला होता.

"बस," ती म्हणाली.

बसलो. दुसरं काय करणार?

"आयक. तो स्कुबावालो सकाळधरना कर्णो लावन गाणी वाजवतलो. माका नको. इंजिनाचो आवाज माका चलता, चाळीस वर्षां आयकलंय. माझो झील फोनार बारा-बारा करता, करूं दी. पण माका एक भीती आसा. भाडोत्री एकदा बसलो की उठना नाय. कुलूप लावता, खंय दुसरीकडे जाता, जागा अडकवन ठेवता. मी मेल्यावर झिलान मस्कतसून येवन कोर्टात जावचा काय?"

"आणि माझी भीती उलटी, चाची. मी एकदा उठलंय. ह्या वयात परत उठूचंय नाय. वर्षान तुमचो झील येतलो नि होमस्टे म्हणतलो. तसा असात तर आत्ताच सांगा, मी चललंय."

"चष्मो घेवन जा," ती म्हणाली.

मी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. ती खडे काढत होती. त्या सुपाकडे बघता बघता मला ती कल्पना सुचली. आयुष्यात मला सुचलेल्या कल्पनांपैकी ही सर्वांत हुशार, असं मला तेव्हा वाटलं.

"पाणी गोड आसा तवसर सात हजार," मी म्हटलं. "मचूळ झाला की पाच. माका मगे टँकर घेवचो लागतलो."

"आणि मचूळ झाला ह्या ठरवतलो कोण? तुझी जीभ? ती जानेवारीतच वाकडी होतली."

"माझी जीभ नको. तुमची डाळ." खाऱ्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, तासभर उकळली तरी दाणा दाणाच राहतो, हे आमच्याकडे प्रत्येक घराला ठाऊक. "ज्या दिवशी तुमची डाळ शिजाची थांबात, त्या दिवसापासना पाच. तुमी सांगशात ता खरा."

चाचीने मान वर केली. मग हसली. मालक हसला की भाडोत्र्याने घाबरावं, हे मला साठाव्या वर्षीही ठाऊक नव्हतं.

"बरा," ती म्हणाली. "माझी डाळ. कागद झील धाडतलो, तेच्यार सही कर. पण चावी गाऱ्हाण्यानंतर. मंगेशाच्या मांगरातसून तू कसो उठलंस ता सगळ्या बंदराक म्हायत आसा. तुझी सही माका वाचूक येना नाय, तुझा गाऱ्हाणा माका समाजता."

"चाची, मी गाऱ्हाणा घालूचा सोडलंय."

"मग दुसरी जागा बघ."

मी घरी गेलो तो छाती काढून. सात आणि पाच, शिवाय हिशेब तिच्याच प्रामाणिकपणावर! शालनने ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, तालुक्यातल्या कुठल्याय लग्नात रुकय्याचाचीच्या दालच्यासाठी माणसां रांग लावतत. आपली डाळ शिजली नाय असा ती बाई सांगतली? मरान जायत, पण सांगूची नाय!"

दालचा म्हणजे डाळीत मटण आणि दुधी घालून करतात तो. मी स्वतः तिच्या हातचा तीन लग्नांत ओरपला होता. तरीही मला सुचलं नव्हतं.

मिरगाच्या दोन दिवस आधी सामान हलवलं. दारात सात इंजिनं आधीच येऊन पडली होती; होडीवाले भिंतीला टेकून बिड्या ओढत होते, टोकन देणारी मुलगी मिळाली नाही म्हणून मला चिडवत होते. नारळ ठेवला. चाची खुर्ची घेऊन उंबऱ्यासमोर बसली. "तुझो देव, तुझा तोंड," ती म्हणाली. "माका आयकाक येवक व्हया, मोठ्यान."

ह्या वेळी मी कागदावर लिहून आणलं होतं. शालनने आदल्या दिवशी तपासून त्यातले सगळे उदार शब्द खोडले होते. मी कागद हातात धरला, आणि समोरच्या त्या माणसांकडे बघितलं. कागद खिशात ठेवला. शालनचा चेहरा पांढरा पडला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या चाचीच्या जागेत तुझो मेस्त्री बसता, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काय लोक म्हणतत मेस्त्री संपलो, मेस्त्रीन आराम करूचो. तेंका तू बघून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" होडीवाले हसत ओरडले.

"आणि ह्या हातात पानो धरूक येता तवसर, कोणी होमस्टे म्हणांदे, कोणी स्कुबा म्हणांदे, मी हयसून उठूचंय नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज होता चाचीचा. मी चमकून तिच्याकडे बघितलं. सवयीने निघालं असेल, आता तिच्या लक्षात येईल, असं वाटून मला आतून गुदगुल्या होत होत्या. सव्वीस वर्षांपूर्वीची बाजी मी उलटवली होती. मी नारळ उचलला.

"थांब," चाची म्हणाली. "माझा बाकी आसा."

ती खुर्चीतून उठली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि खाडीला ऐकू जाईल असं बोलली. "आणि म्हाराजा, ज्या दिवशी ह्या मेस्त्रीन काम थांबवलान, दाराक कुलूप लावलान, नायतर आराम करतंय म्हणान घरात बसलो, त्या दिवशी ही जागा माझी! एक शबुद न बोलता!"

"व्हय म्हाराजा!"

ह्या वेळी सगळ्यात मोठा आवाज शालनचा.

त्या पावसाळ्यात बत्तीस इंजिनं झाली. हायवेवर दोन गेली. त्यातलं एक परत आलं, दुसऱ्याशी मी बोलत नाही. करारावर सही केली, तो कागद कुठे ठेवलाय ते मला ठाऊक नाही आणि चाचीलाही. दोघांनाही त्याची गरज पडलेली नाही.

राहिली डाळ. यंदा मार्चमध्ये पाणी बदललं. माझ्या जिभेला कळलं, साबणाला कळलं. मी रोज दुपारी पडवीवरून मुद्दाम जायचो. "चाची, डाळ कशी?"

"लोण्यासारखी."

एप्रिलमध्ये मी टँकर मागवला. "डाळ कशी?"

"लोण्यासारखी. बघ." आणि वाटी पुढे. खरंच लोण्यासारखी! मी चक्रावलो. मग एके दिवशी सकाळी लवकर आलो तर कोपऱ्यावरच्या नळावरून, जो दिवसाआड तासभर येतो, चाची कळशी कमरेवर घेऊन चढ चढत होती. सत्तर वर्षांची बाई. दर दहा पावलांवर थांबत होती. डाळीपुरतं पाणी.

तिथेच तिला पकडायला हवं होतं. दोन हजारांचा प्रश्न होता, साक्षीदार म्हणून नळावरच्या चार बाया होत्या. मी पुढे झालो आणि कळशी घेतली. ती पुढे चालू लागली, मी मागे. तेव्हापासून नळ येतो त्या दिवशी दोन कळश्या मीच भरून तिच्या पडवीवर ठेवतो. तिची डाळ शिजते. मी सात देतो, आणि वर टँकर. शालन म्हणते, भाडं वाढवून घ्यायला मालकाला पाणी भरून देणारा भाडोत्री अख्ख्या जिल्ह्यात एकच. म्हणू दे. दुपारी वाटी येते.

तर संपादकसाहेब, 'निवृत्त' हा शब्द तेवढा खोडा. मला निवृत्त व्हायची बंदी आहे, ती देवासमोर झालेली आहे आणि बायकोने तिला अनुमोदन दिलेलं आहे. हायवेवरच्या काचेच्या दुकानालाही कळवा.

हे लिहायला मी आज सकाळपासून बाकावर बसलोय, त्यामुळे दुकान जरा शांत आहे. आताच पडवीवरून आवाज आला.

"मेस्त्री! आवाज कित्याक बंद झालो? कुलूप लावतंस काय?"

"लावूचंय नाय!" मी ओरडलो.

"मग चालू कर!"

उठतो. पिंपात इंजिन उभं आहे, दोरी ओढायची आहे.